उद्यापर्यंत थांबू नका

तुमचा गिनीपिग खात नाही आणि लंगडतोय, काय करू असं विचारलंत. त्यावर कुणीतरी म्हटलंय, 'एक दिवस खाल्लं नाही तर काय बिघडतंय, उद्या बघू.' कुत्र्याचं एकवेळ चालून जातं, गिनीपिगचं नाही. त्याच्या पोटात सतत काहीतरी जात राहावं लागतं. १२-१५ तास उपास घडला की आतडी मंदावतात. लेंड्या बारीक, कोरड्या दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आमची गिनीपिग चिंगी काकडी बघून धावत यायची, तुकडा तोंडात धरायची आणि सोडून द्यायची. आम्हाला वाटलं नखरे. दाढा वाढून जिभेला टोचत होत्या! केस पिंजारून कोपऱ्यात बसली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, तोवर ९०० ग्रॅमची ७८० झाली होती. आता दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. (सासूबाईंनी मैद्यासाठी वेगळा काटा आणलाय.)

आणि घरात उरलेलं अँटिबायोटिक अ‍ॅमॉक्सिसिलिन चुकूनही देऊ नका, त्याने हा जीव दगावू शकतो.

तुमचा लंगडतोय म्हणालात, ते क जीवनसत्त्व कमी पडल्यानेही होतं. माणसासारखंच यांच्याही शरीरात ते तयार होत नाही. ढोबळी मिरची रोज देता का?