स्पोर्ट पिस्तुलाची मूठ हाताला बसत नाही, तर्जनी दुखते : मूठ बदलावी की घासून घ्यावी?

धागालेखिका

नमस्कार. दोन वर्षे १० मीटर एअर पिस्तुलाचा सराव केल्यानंतर चार महिन्यांपूर्वी मी २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल हा प्रकार सुरू केला आणि तेव्हापासून उजव्या हाताची तर्जनी दुखू लागली आहे. साधारण तिसाव्या गोळीनंतर बोटाच्या टोकाशी, नखाजवळच्या मांसल भागात जळजळ सुरू होते. पन्नासाव्या गोळीपर्यंत ते टोक बधिर होते आणि सराव संपल्यावरही तासभर तसेच राहते. त्याच बोटाच्या बुडाच्या पेराला आतल्या बाजूने लाकूड घासल्याचा लाल वण उमटतो. या प्रकारात संथ आणि जलद असे दोन टप्पे असतात. संथ टप्प्यात पाच मिनिटांत पाचच गोळ्या झाडायच्या असल्यामुळे मला बोट नीट लावून घेता येते. जलद टप्प्यात मात्र तीन सेकंदांच्या आत हात वर आणून ट्रिगर दाबायचा असतो, तेव्हा बोट पडेल तिथे पडते आणि गोळ्या डावीकडे खाली जातात.

मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझा हात १६८ मिलिमीटर भरतो. पिस्तुलावर कारखान्यातून आलेली मध्यम मापाची लाकडी मूठ आहे. एअर पिस्तुलाची मूठ लहान मापाची होती. ट्रिगरचे पाते मागे येईल तेवढे मी आधीच मागे आणले आहे. सवय झाली की दुखणे थांबेल असे मला सांगण्यात आले होते, पण चार महिन्यांत ते वाढतच गेले आहे. लहान मापाची नवी मूठ घ्यावी, की आहे तीच घासून घ्यावी? आणि बोटाचे हे दुखणे डॉक्टरांना दाखवण्याइतके गंभीर आहे का? ज्यांनी स्वतः हे अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पहिला प्रतिसाद

माझेही बोट असेच दुखत असे. मुठीवर रबरी आवरण चढवल्यावर पकड मऊ झाली आणि बराच आराम पडला. करून पाहण्यासारखा सोपा उपाय आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील उपाय ज्यांचा हात मोठा आणि मूठ बारीक आहे त्यांना लागू पडेल, परंतु धागालेखिकेने तो करू नये अशी माझी विनंती आहे. त्यांचे बोट मुळातच ट्रिगरपर्यंत पुरत नाही, आणि आवरण चढवले की मुठीची जाडी सगळ्या बाजूंनी वाढून ते आणखी आखूड पडेल. मी बरीच वर्षे नेमबाजांच्या मुठी हाताप्रमाणे घासून देत आलो आहे, आणि तर्जनी दुखते म्हणून आलेल्या बहुतेकांची चूक तर्जनीत नसून बाकीच्या हातात असते, असे मला दिसले आहे.

प्रथम एक तपासणी करावी. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, नळीत सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामे असल्याचे दाखवणारी रंगीत दोरी किंवा पट्टी) घालून, ते डाव्या हाताने उजव्या हातात बसवावे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या खोबणीत पूर्ण वर आणि मधोमध टेकली पाहिजे, आणि वरून पाहिले असता नळी व हाताचा पुढचा भाग एका रेषेत दिसले पाहिजेत. ही स्थिती अजिबात न बदलता तर्जनी ट्रिगरवर ठेवावी. टोकाच्या पेराचा मधला भाग, म्हणजे बोटाचे टोक आणि पहिली घडी यांच्यामधली जागा, पात्यावर आली पाहिजे. ते पेर नळीच्या दिशेशी काटकोन करून सरळ मागे सरकले पाहिजे. आणि बुडाचे पेर व पिस्तुलाचे अंग यांच्यामध्ये एक जाड कागद सहज फिरेल इतकी फट राहिली पाहिजे. फट नसेल तर बोट मागे येताना लाकडाला घासते आणि प्रत्येक गोळीगणिक पिस्तुलाला बाजूला ढकलते. आपल्या बोटावरचा लाल वण हेच सांगतो आहे, आणि डावीकडे जाणाऱ्या गोळ्यांचे कारणही मला बहुधा त्यातच दिसते.

आता एअर पिस्तुलावर हा त्रास का झाला नाही? त्या मुठीचे माप लहान होते हे एक कारण. दुसरे कारण असे की एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचा किमान भार, म्हणजे तो सुटण्यासाठी लागणारे वजन, नियमानुसार ५०० ग्रॅम असतो आणि स्पोर्ट पिस्तुलाचा १००० ग्रॅम. ५०० ग्रॅमला बोटाच्या टोकाने, तिरके दाबूनही निभावून जाते. भार दुप्पट झाला की पात्याची कड त्याच एका जागी रुतत राहते. म्हणून आपल्या पिस्तुलाचा प्रत्यक्ष भार नळी उभी धरून, ट्रिगरला वजन टांगून मोजून घ्यावा. १३०० ग्रॅमवर लावलेला ट्रिगर मी अनेकदा पाहिला आहे आणि नेमबाजाला त्याची कल्पनाही नसते. ट्रिगर सुटल्यानंतर पाते किती मागे जाते तेही पाहावे, कारण तो प्रवास लांब असेल तर जलद टप्प्यात बोट थांब्यावर जाऊन आदळते. तो प्रवास कमी करण्याचा स्क्रू बहुतेक स्पर्धेच्या पिस्तुलांना असतो.

मुठीबद्दल माझे मत असे की आधी आहे तीच घासावी. पण कुठे घासायची हे ओळखणे महत्त्वाचे. लोक बेचकीच्या खोबणीवर सर्वप्रथम कानस चालवतात, आणि ते लाकूड एकदा गेले की हात नळीच्या रेषेतून हलतो. लहान हाताच्या बाबतीत खरा अडथळा बहुतेक वेळा तळहाताच्या पोकळीत बसणारा फुगवटा असतो. तो जाड असला की हात मुठीभोवती बाहेरच्या बाजूला फिरतो, आणि तर्जनी जेवढी आहे त्याहून आखूड पडते. तळहाताला खडूची पूड किंवा लिपस्टिक लावून मूठ नेहमीसारखी धरावी आणि सोडावी. जिथे रंग दाट उमटेल तिथे दाब जास्त आहे. तिथले लाकूड एका वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा अधिक काढू नये, आणि प्रत्येक वेळी निदान एक दिवस सराव करून मगच पुढे जावे. त्यानंतर तर्जनीच्या बुडाखालची बाजू घ्यावी. लाकूड चुकून जास्त गेलेच तर दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सी पुटीने भरून काढता येते, त्यामुळे घाबरून काम अर्धवट सोडू नये.

तिसरा प्रतिसाद

मी भौतिकोपचारतज्ज्ञ असून हातांच्या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण रोज पाहते, त्यामुळे दुखण्याच्या प्रश्नापुरते लिहिते. बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक संवेदना-मज्जातंतू टोकापर्यंत जातो आणि तो त्वचेखाली फार खोल नसतो. अरुंद पात्याची कड त्याच जागी शेकडो वेळा दाबली गेली की जळजळ व बधिरपणा येतो. दाब थांबल्यावर काही वेळात संवेदना परत येत असेल तर दाबाचे कारण काढणे हाच उपचार आहे. सरावाच्या दुसऱ्या दिवशीही टोक बधिर राहिले, किंवा बटण लावण्यासारखी बारीक कामे करताना बोट अडखळू लागले, तर नेमबाजी थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

दोन आजार मात्र याच्याशी गल्लत होऊ नये म्हणून सांगते. ‘ट्रिगर फिंगर’ या नावामुळे अनेक नेमबाज घाबरतात. त्या आजारात बोट वाकवणाऱ्या स्नायूबंधाचे आवरण तळहातात, बोटाच्या बुडाशी, जाड होते. तिथे दाबल्यास दुखते, बोट उघडताना खट्ट होते आणि विशेषतः सकाळी ते वाकलेल्या स्थितीतच अडकते. मधुमेह असलेल्यांमध्ये तो अधिक आढळतो. आपण वर्णन केलेले दुखणे टोकाशी आहे, त्यामुळे ते तसे वाटत नाही. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट अशा तिन्हींना मुंग्या येत असतील, तर मात्र मनगटातल्या मज्जातंतूवरील दाबाची तपासणी करून घ्यावी.

पकडीबद्दलही एक विचारावेसे वाटते. आपण मूठ आवळता का? तर्जनी इतर बोटांपेक्षा बरीच स्वतंत्र हलते, परंतु बाकीची बोटे घट्ट आवळली की तीही ताठरते. मधले बोट आणि अनामिका यांनी सरळ मागच्या दिशेने दाब द्यावा, करंगळी नुसती टेकावी आणि अंगठा सैल असावा. दुखत असेपर्यंत दिवसाच्या गोळ्या निम्म्यावर आणाव्यात.

चौथा प्रतिसाद

मूठ आणि ट्रिगर यांमधले अंतर ही केवळ स्पर्धेच्या पिस्तुलांची अडचण नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते. अमेरिकी सैन्याच्या १९११ च्या पिस्तुलात पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या दशकात जे बदल झाले त्यांत ट्रिगर आखूड करण्यात आला आणि त्याच्या मागे दोन्ही बाजूंचा धातू खोलगट कापण्यात आला, तो लहान हाताचे बोट पोहोचावे म्हणूनच. आजच्या सर्व्हिस पिस्तुलांना मागच्या बाजूच्या बदलत्या पट्ट्या मिळतात. २०१० साली आलेल्या ग्लॉक या कंपनीच्या पिस्तुलांच्या चौथ्या पिढीत त्या पट्ट्यांनी मूठ २ किंवा ४ मिलिमीटर वाढवता येते. मुद्दाम आकडे दिले, कारण २ मिलिमीटरने काय होणार असे आपल्याला वाटते, आणि हाताला तो फरक लगेच कळतो.

धागालेखिका

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या आस्थेने कोणी लिहील अशी मला अपेक्षा नव्हती.

ट्रिगरचा भार टांगून मोजला तर १००० ग्रॅमचे वजन सहज पेलले गेले आणि १२५० ग्रॅमलाही ट्रिगर सुटला नाही. तो आता किमान भाराच्या थोडासा वर आणला आहे. लिपस्टिकचा डाग नेमका फुगवट्यावर सर्वांत दाट उमटला. चार वेळा मिळून तिथले दीड मिलिमीटरच्या आसपास लाकूड काढले आणि तर्जनीखालची कड गोल केली. आता फटीतून कागद फिरतो आणि टोकाच्या पेराचा मधला भाग पात्यावर येतो. दिवसाला ३० गोळ्यांपुरता सराव ठेवला आहे. जळजळ थांबली आहे, बधिरपणा गेल्या आठवड्यात एकदाच आला. मी मूठ खरोखरच आवळत होते, आणि ती सवय सोडणे लाकूड घासण्यापेक्षा अवघड जाते आहे. आणखी एक विचारायचे होते : फुगवटा कमी झाल्यावर हात मुठीत किंचित खाली घसरतो. तळहाताचा खालचा टेकू, म्हणजे मुठीच्या तळाशी हाताची कड जिच्यावर टेकते ती सरकती फळी, वर सरकवावा का?

दुसरा प्रतिसाद

अवश्य सरकवावा, परंतु हात अडकेल इतका वर नको. करंगळीखालची कड त्यावर टेकावी आणि पिस्तूल खाली ठेवताना हात मोकळा निघावा. नियमानुसार तो टेकू मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करून वर वळलेला चालत नाही, आणि मूठ मनगटाला आधार देत नाही ना हेही उपकरण-तपासणीत पाहिले जाते. स्पर्धेआधी ते दाखवून घ्यावे. टेकू हलवल्यावर पहिली तपासणी पुन्हा करावी, कारण हात वर गेला की तर्जनीची उंचीही बदलते आणि बोट ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) तळाला घासत नाही ना, हे आता पाहावे लागेल. आवळण्याच्या सवयीसाठी रोज दहा मिनिटे गोळीविना सराव पुरे, मात्र आपल्या पिस्तुलाला त्यासाठीची सोय आहे याची खात्री करून घ्यावी. ५.६ मिलिमीटरच्या रिमफायर पिस्तुलात, म्हणजे काडतुसाच्या कडेवर आघात करून गोळी उडवणाऱ्या पिस्तुलात, तशी सोय नसताना ट्रिगर दाबला की फायरिंग पिन (आघात करणारी खीळ) चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, कडेवर आदळू शकते. घासलेल्या लाकडाला लगेच तेल लावू नये. आणखी दोन आठवडे हात जसा बसतो तसा बसू द्यावा, आणि डाग पुन्हा एकदा घेऊन पाहावा.