सायलेंट नाइट: पट्टी कोणती, कडवी किती?

बी-१०२ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. २४ तारखेच्या नाताळच्या कार्यक्रमात शेवटी सगळ्यांनी मिळून 'सायलेंट नाइट' हे नाताळगीत म्हणायचं ठरलंय. मुलं, बायका, पुरुष एकत्र. पट्टी कोणती धरायची, साथीला काय ठेवायचं, ते जाणकारांनी सांगावं. निवेदनासाठी थोडी माहितीही हवी. उंदरांनी चर्चचा ऑर्गन कुरतडला म्हणून हे गाणं गिटारवर बसवलं, अशी एक गोष्ट फिरतेय, ती घेऊ का?

सी-६०३: ती नका घेऊ. ती मागाहून चिकटलेली दंतकथा आहे. चाल बांधणारे फ्रान्झ ग्रूबर यांनी ३० डिसेंबर १८५४ ला स्वतः हकीगत लिहून ठेवली, तिच्यात उंदीर नाहीत आणि बिघडलेला ऑर्गनही नाही. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी सेंट निकोला चर्चमध्ये योझेफ मोर हे सहायक धर्मगुरू होते. ग्रूबर शेजारच्या आर्न्सडॉर्फला शाळामास्तर, आणि ओबर्नडॉर्फला ऑर्गन वाजवत. २४ डिसेंबर १८१८ ला मोरनी आपली कविता त्यांच्या हातात दिली आणि दोन आवाज, कोरस नि गिटार यांना जमेल अशी चाल मागितली. त्याच रात्री गाणं झालं. मोर गिटार वाजवत वरचा आवाज गायले, ग्रूबर खालचा.

ए-७०४: म्हणजे गिटार मूळचीच आहे. मग कीबोर्डचा तयार ट्रॅक कशाला हवा?

बी-२०१: अगदी. आणि पट्टीचं आधी ठरवा, कारण सगळी गडबड तिथेच होते. ही चाल ऐकायला सोपी वाटते, पण तिचा पल्ला सव्वा सप्तकाहून मोठा आहे. सुरुवात पंचमावर (प ध प ग), सगळ्यात वरचा सूर तार सप्तकातला मध्यम, आणि शेवटचा सूर मध्य षड्ज. लोक पहिला 'प' सोयीचा वाटला की तिथून सुरू करतात आणि 'स्लीप इन हेवनली पीस'ला आवाज फाटतो. म्हणून आधी शेवटच्या ओळीतला वरचा 'म' लावून बघायचा, मग पट्टी धरायची.

बी-१०२ (सेक्रेटरी): काकू, मग नक्की कोणती सांगू?

बी-२०१: मूळ हस्तलिखित पांढरी २ मध्ये आहे (म्हणजे हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी 'सा' धरून; काळी ५ म्हणजे पाचवी काळी). त्यात वरचा सूर आपल्या बहुतेकांना झेपणार नाही. मोठ्यांसाठी काळी ५ घ्या, पुरुष आपोआप एक सप्तक खाली गातील. पहिलं कडवं एकट्या मुलांना द्यायचं असेल, तर मात्र काळी ५ मध्ये शेवटचा 'सा' लहानांना खाली जातो, सूर विरतो. त्यांच्यासाठी पांढरी १ बरी. पण मध्येच पट्टी बदलणं नवख्यांना जड जाईल. माझं मत विचाराल तर सगळंच काळी ५ मध्ये करा.

ए-७०४: काळी ५ साठी गिटारवाल्यांनी तिसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा आणि जी, डी, सी एवढ्या तीनच कॉर्ड धरायच्या. गाण्याचा ठेका ६ मात्रांचा, एका कडव्याची १२ आवर्तनं. ती अशी: जी जी | डी जी | सी जी | सी जी | डी जी | शेवटची ओळ 'जी आणि डी' निम्मं निम्मं, मग जी. स्ट्रमिंग नको. अंगठ्याने पहिल्या आणि चौथ्या मात्रेला खालची तार, बाकी बोटांनी एकेक तार मोकळी सोडत जायची.

बी-२०१: तबला ठेवायचा तर दादरा, तोही फक्त बोटांनी, समेवर थाप न मारता. खरं तर नसला तरी चालेल. लय मिनिटाला १०० मात्रांच्या आसपास. एका कडव्याच्या ७२ मात्रा होतात, म्हणजे साधारण ४३ सेकंद. तीन कडवी सव्वादोन मिनिटांत संपतात. हे अंगाईच्या चालीचं गाणं आहे. फार संथ घेतलं तर 'पीस'च्या लांब सुरावर श्वास पुरत नाही, आणि मग प्रत्येकजण वेगळ्या ठिकाणी तोडतो.

आणखी एक. 'प ध प ग' मधला 'ध' निसटता आहे. पहिला 'प' लांब, 'ध' अगदी आखूड, मग 'प'. तिन्ही सूर सारख्या लांबीचे झाले की झोका जातो आणि गाणं कवायतीसारखं लागतं. मुलांकडून नुसतं एवढंच दहा वेळा म्हणून घ्या, बाकीची चाल मागोमाग येते.

डी-४०५: कडवी तीनच का? जर्मनमध्ये सहा आहेत ना?

सी-६०३: सहाच आहेत. इंग्रजीत रूढ झालेली तीन कडवी अमेरिकन धर्मगुरू जॉन फ्रीमन यंग यांनी १८५९ ला आणली, ती मूळची पहिलं, सहावं आणि दुसरं. गाळलेल्यांतलं चौथं मला फार महत्त्वाचं वाटतं. येशूने भाऊ म्हणून जगातल्या सगळ्या लोकांना कवेत घेतलं, असं त्यात आहे. मोरनी कविता लिहिली १८१६ ला, मारियाफार गावी. नेपोलियनची युद्धं नुकतीच संपलेली. त्याच वर्षी साल्झबुर्ग, म्हणजे ओबर्नडॉर्फचा प्रांत, ऑस्ट्रियाकडे गेला आणि साल्झाख नदी सरहद्द झाली. ओबर्नडॉर्फ अलीकडे, त्याचं जुनं जोडगाव लाउफेन पलीकडे बव्हेरियात. अशा ओबर्नडॉर्फने हे गाणं पहिल्यांदा ऐकलं. निवेदनात हे जरूर घ्या.

डी-४०५: आणि एवढ्या छोट्या गावातून जगभर गेलं कसं?

सी-६०३: ऑर्गन बांधणारे कार्ल माउराखर ओबर्नडॉर्फला यायचे, त्यांनी ते ऑस्ट्रियातल्याच त्सिलरटाल खोऱ्यात नेलं. तिथली श्ट्रासर भावंडं हातमोजे विकायला लाइपझिगच्या जत्रेत जात आणि तिथे गात. तिथल्याच राइनर या गायक घराण्याने १८३९ ला ते न्यूयॉर्कमध्ये गायलं. या प्रवासात चालीची काही वळणं बदलली, आपण आज गातो ती तीच बदललेली. आणि कर्त्यांची नावं गळून पडली. संगीतकार मिखाएल हायडनची रचना असावी, असंही लोक समजू लागले. शेवटी बर्लिनच्या राजदरबाराच्या संगीतविभागाने साल्झबुर्गला चौकशी केली, म्हणून ग्रूबरनी ती हकीगत लिहिली. तोवर मोर वारले होते, १८४८ ला. त्यांच्या हातचा कागद सापडला तो थेट १९९५ ला. त्यावर चाल ग्रूबरची असं मोरनी स्वतः लिहिलंय, त्यामुळे तो वाद मिटला.

पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या नाताळला, खंदकांतल्या जर्मन सैनिकांनी हे म्हटलं आणि समोरून ब्रिटिशांनी आपल्या कॅरल्सनी साद दिली, हेही एका वाक्यात सांगा.

बी-१०२ (सेक्रेटरी): छान. व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर कॉपीराइटची अडचण?

ए-७०४: शब्द आणि चाल दोन्ही केव्हाच हक्कमुक्त झालेत. अडचण येते ती कुणाचा तरी तयार कराओके ट्रॅक मागे लावला की. ते रेकॉर्डिंग कंपनीचं असतं, त्यावर क्लेम येतो. जिवंत गिटार असेल तर तसला प्रश्न सहसा येत नाही.

बी-२०१: मग ठरलं: काळी ५, दोन गिटार, हार्मोनियमवर फक्त सूर धरायचा. शनिवारी संध्याकाळी ६ ला माझ्याकडे तालीम. ज्यांना 'पीस'चा वरचा सूर लागत नाही त्यांनी ती ओळ खालच्या आवाजात घ्या. मूळ रचनेतच दोन आवाज आहेत, खालचा मी शिकवते.