जुन्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय: आधी काय तपासायचं?

गाडी ॲव्हरेज देईनाशी झाली की गॅरेजमधला पहिला हात कार्बोरेटरच्या स्क्रूवर जातो. खरं तर तो शेवटी जायला हवा. ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी लिहा: कुठला पार्ट, किती माप, काय बिघडतं आणि का. "हवा चेक करा, ऑइल बदला" एवढ्यावर सोडू नका, आणि "आमची अजून 70 देते" हेही नको. बोलण्यासाठी जुनी कार्बोरेटरवाली 97 सीसीची स्प्लेंडर धरू, दर चार घरांमागे एक असतेच. चारचाकीवाल्यांनीही लिहा.

फुलटाकी

आधी ॲव्हरेज खरंच पडलंय का ते बघा. एक लिटर टाकून रिझर्व्ह ते रिझर्व्ह मोजण्यात 200 मिलीचा घोळ सहज होतो, म्हणजे हिशोबात 20 टक्क्यांचा. तोच घोळ चार लिटरवर 5 टक्क्यांवर येतो. म्हणून मेन स्टँडवर गाडी उभी करून टाकी एका ठराविक खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहा, निदान 200 किमी चालवा, मग त्याच पंपावर त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरा. 212 किमीला 3.9 लिटर लागलं तर ॲव्हरेज 54.4. असं दोनदा करा, एका आकड्यावर निकाल देऊ नका.

दुसरं, मीटर. स्प्लेंडरचा मीटर पुढच्या चाकावर चालतो. पुढे 2.75-18 च्या जागी 3.00-18 टायर बसवला की चाकाचा घेर साधारण 2 टक्के वाढतो आणि मीटर तेवढे किलोमीटर कमी दाखवतो. ड्रममधली स्पीडोमीटरची गरारी झिजली असेल तर काटा थरथरतो, अधूनमधून शून्यावर पडतो, आणि तेवढा वेळ किलोमीटर मोजलेच जात नाहीत. पेट्रोल मात्र जळत असतं. मोबाईलचं जीपीएस लावून सरळ रस्त्यावर 20 किमी ताडून बघा.

चाकं_फिरवा

इंजिनाला हात लावण्याआधी गाडी ढकलून बघा. मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने जोरात फिरवलं तर ते हळूहळू थांबायला हवं. अर्ध्या फेरीत अडकलं तर ब्रेक धरतोय. बऱ्याचदा लायनर (ड्रमवर घासणाऱ्या पट्ट्या) ठीक असतात, ड्रममधला कॅम (लायनर फाकवणारा तुकडा) सुकलेला असतो. पॅडल सोडलं तरी तो पूर्ण मागे येत नाही. कॅम बाहेर काढून पॉलिश पेपरने गंज काढा, अगदी पातळ ग्रीस लावा (लायनरला लागू देऊ नका) आणि परतीची स्प्रिंग बघा. मागच्या पॅडलला 20 ते 30 मिमी आणि पुढच्या लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिमी मोकळी चाल ठेवा. "ब्रेक कडक पाहिजे" म्हणून नट आवळून आणलेल्या गाड्यांचं अर्धं दुखणं इथेच असतं.

खात्रीचा उपाय: पाचेक किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा आणि ड्रमवर पाण्याचे दोन थेंब टाका. चरचरले तर ब्रेक धरतोय.

चेन ढिली असण्यापेक्षा ताठ असणं वाईट. मधोमध वर-खाली साधारण 25 मिमी हलली पाहिजे. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा. एका जागी ढिली आणि दुसरीकडे ताठ असेल तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट बदला. हवा गाडी थंड असताना भरा, एकट्याला पुढे 25 आणि मागे 28 पीएसआय.

जेट_सुई

आता कार्बोरेटर. बाहेरचा मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा) स्क्रू फक्त स्लोवर (गाडी उभी, इंजिन चालू) आणि थ्रॉटल अगदी थोडा उघडलेला असताना काम करतो. 40-50 च्या वेगाने जाताना, थ्रॉटल पाव ते पाऊण उघडलेला असतो तेव्हा, मिश्रण ठरतं सुई आणि नीडल जेटवर (सुई ज्यात वर-खाली होते ते पेट्रोलचं बारीक भोक). म्हणजे मेकॅनिक स्क्रू पिळून "ॲव्हरेज सेट केलंय" म्हणतो तेव्हा त्याने सिग्नलवर उभ्या गाडीचं ॲव्हरेज सेट केलेलं असतं.

जुन्या गाडीत सुई जेटच्या कडेला वर्षानुवर्षं घासत राहते. जेटचं गोल भोक अंडाकृती होतं, पेट्रोल जास्त येतं. जेट उजेडाकडे धरून भिंगातून बघा. सुईवरून नख फिरवलं तर एका बाजूला चकचकीत पट्टा किंवा पायरी लागते. तसं असेल तर सुई आणि जेट जोडीनेच बदला. झिजलेल्या जेटमध्ये नवी सुई टाकून फरक पडत नाही.

मेन जेट तांब्याच्या तारेने "साफ" करणारे खूप आहेत. तांबं मऊ असलं तरी पितळेचं भोक दर वेळी थोडं खरवडलं जातं. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा, बस. जेटवर कोरलेला नंबर बघा, कुणी मोठा बसवून ठेवलेला असू शकतो.

फ्लोट (कार्बोरेटरमधला पेट्रोलवर तरंगणारा भाग) ज्या पिनने पेट्रोल बंद करतो तिच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर ती पेट्रोल पूर्ण बंद करत नाही, लेव्हल वर राहते. कार्बोरेटर काढून उलटा धरा आणि पेट्रोल येण्याच्या नळीतून तोंडाने फुंका. फ्लोटच्या वजनाने पिन बसलेली असताना हवा आत जाता कामा नये.

हे सगळं झाल्यावरच स्क्रू. इंजिन दहा मिनिटं गरम करा, स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवा (आवळलात तर टोक बिघडेल), दीड ते दोन फेऱ्या उघडा. मग पाव-पाव फेरी फिरवत इंजिन जिथे सगळ्यात जास्त फिरतं ती जागा शोधा, आणि स्लो 1400 आरपीएमच्या आसपास आणा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, उघडला की मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, उघडला की जाड (पेट्रोल जास्त). हे न बघता फिरवणारे उलटंच करून बसतात.

ओव्हरफ्लो

@जेट_सुई, फ्लोटचं अगदी बरोबर. त्याची चाहूल सकाळी लागते. रात्री कॉक चालू ठेवून गाडी लावली आणि सकाळी ओव्हरफ्लो पाइपच्या टोकाखाली फरशीवर डाग दिसला, तर पिन गेली. चोकची (थंड इंजिन चालू करताना हवा अडवणारी) पट्टीही बघा. लिव्हर खाली असूनही पट्टी अर्धी अडकलेली असते, केबल गंजलेली असते. एअर फिल्टर तेलकट निघाला तर नवा टाकून भागणार नाही, क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातून) तेलाची वाफ येतेय. प्लग कोरडा काळा तर मिश्रण जाड, ओला तेलकट तर पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील.

इथेनॉल

सुईची क्लिप वरच्या खाचेत नेऊन मिश्रण पातळ करायचा सल्ला सर्रास मिळतो. आजच्या पेट्रोलवर तो घातक आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे सुमारे 14.7 भाग हवा लागते, ई-20 ला (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण 13.5. जुन्या कार्बोरेटरला हे कळत नाही, तो तेवढीच हवा देतो. म्हणजे गाडी आधीच पातळ मिश्रणावर चालतेय. आणखी पातळ केलं तर इंजिन तापतं, चढावर खडखडतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे थोडी घट दुरुस्त होणारी नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच ई-10 साठी बसवलेल्या जुन्या दुचाकींना ई-20 वर 3-4 टक्के आणि चारचाकींना 6-7 टक्के घट धरली आहे. 60 ची 58 झाली तर हे कारण. 60 ची 45 झाली तर पेट्रोलला दोष देऊ नका.

किती इथेनॉल आहे ते घरी बघता येतं. 100 मिलीच्या काचेच्या मोजनळीत 10 मिली पाणी आणि 90 मिली पेट्रोल घाला, झाकून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर 28 च्या आसपास आला तर 20 टक्के. उघड्यावर करा, आसपास शेगडी नको, आणि ते मिश्रण परत टाकीत ओतू नका.

क्लच_प्लेट

थोडक्यात. चढावर इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. लिव्हरला 10 ते 20 मिमी चाल हवी. कारचं "एनर्जी कन्झर्व्हिंग" ऑइल बाइकमध्ये टाकू नका, क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचा दर्जा) बघून घ्या. "जास्त टाकलं तर बरं" म्हणून ऑइल मापापेक्षा वर भरणंही चूक.

थर्मोस्टॅट

चारचाकीबद्दल. गाडी एकदा तापली की आपल्याकडे थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायची पद्धत आहे. मग गाडी तापत नाही हे खरं, पण पुरेशी गरमच होत नाही. जुन्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) गाडीत ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून थंड आहे, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. कूलंट टेम्परेचर सेन्सर बिघडला तरी हेच होतं. मल्टिमीटरने मोजा: 20 अंशांना साधारण 2 ते 3 किलोओहम, 80 अंशांना सुमारे 300 ओहम. गरम इंजिनातही किलोओहम दाखवत असेल तर सेन्सर बदला.

भारतात ओबीडी-2 (गाडीतला बिघाड स्कॅनरवर दाखवणारी प्रणाली) एप्रिल 2013 पासून सक्तीचं झालं. त्यानंतरच्या गाडीला स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनरही चालतो. हायवेवर कूलंट 80 च्या खाली राहत असेल तर आधी थर्मोस्टॅट. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-कापतो तो आकडा) ±10 च्या आत असेल तर मिश्रण ठीक आहे, ब्रेक, टायर, अलाइनमेंट बघा. उणे 15 च्या खाली गेला तर ईसीयू पेट्रोल कापतोय, म्हणजे कुठूनतरी जादा येतंय: गळका इंजेक्टर किंवा ऑक्सिजन सेन्सर.

आणि या गाड्यांत एअर फिल्टर बदलून ॲव्हरेज वाढत नाही. हवा कमी झाली की ईसीयू पेट्रोलही कमी करतो. पडतो तो पिकअप.

डिझेलवाला

कॉमन रेल डिझेलला (एकाच हाय प्रेशर पाइपातून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या इंजिनाला) पाचशे रुपयांच्या ॲडिटिव्हआधी रिटर्न (इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल) तपासा. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या सोडून चार सारख्या पारदर्शक बाटल्यांत घाला आणि इंजिन दोन मिनिटं स्लोवर ठेवा. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल जमलं तर तो इंजेक्टर झिजलाय. हाय प्रेशर पाइपला मात्र इंजिन चालू असताना हात लावू नका, ती धार कातडीतून आत शिरते. काळा धूर आणि पिकअप नाही, तर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज आतल्या बाजूने बघा, चीर खालच्या वळणावर लपलेली असते.

किक_मारून

वरचं सगळं करूनही फरक नाही, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). त्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हवरची मोकळी फट): इंजिन पूर्ण थंड असताना टी मार्क (पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण) जुळवून फिलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी) मॅन्युअलमधल्या मापाला लावा. टॅपेट ताठ असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन खोटंच कमी दिसतं. मग प्लग काढून गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा थांबेपर्यंत सात-आठ किक मारा. पूर्ण उघडा म्हणतोय, कारण बंद थ्रॉटलवर चांगलं इंजिनही कमी दाखवतं. आकडा लिहा. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग-सिलिंडर, तिथलाच तिथे राहिला तर व्हॉल्व्ह. बोअर-पिस्टनचा खर्च सांगणाऱ्याला हे दोन आकडे दाखवा, मग बोला.