मदत हवी आहे: सायकलच्या टियाग्रा ४७०० शिफ्टरला जुना डिरेलर जुळेना

मंडळी, माझी रोड बाईक मूळची ९ स्पीड (मागे ९ गिअर) सोरा, म्हणजे शिमानोच्या सोरा मालिकेचे गिअर असलेली. पन्हाळ्याच्या चढावर ११-२८ कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच, सर्वात लहान चकती ११ दात, मोठी २८) गुडघ्यांना झेपेना, म्हणून १० स्पीडची ११-३२ घेतली. शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) जुन्या बाजारातून शिमानोचाच टियाग्रा ४७००, मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) मित्राकडचा, आधीच्या पिढीचा टियाग्रा ४६००. कडेचे गिअर बसतात, मधे चेन खडखडतच राहते. केबल नवी टाकली, हँगरही (फ्रेमला डिरेलर जिथे बसतो तो तुकडा) सरळ आहे.

आता समजलं, दोन्ही १० स्पीड असले तरी ४७०० ची केबल ओढ (एका क्लिकला केबल किती सरकते ते) ११ स्पीडसारखी, ४६०० ची जुन्या पद्धतीची. आधी विचारायला हवं होतं!

४७०० चाच लांब केजचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग लांब असलेला) डिरेलर शोधू, की शिमानोच्याच १०५ मालिकेचा ११ स्पीडवाला, आर७०००, चालेल? कुणी प्रत्यक्ष चालवलाय का? कोल्हापुरात कुणाकडे पडून असेल तर जरूर कळवा.