बेसमेंटचं वायरिंग: रफ इन्स्पेक्शनच्या आधी काय काय बघायचं?

एडिसनकर:
नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत राहत्या घराचं बेसमेंट फिनिश करतोय, परमिट माझ्याच नावावर आहे आणि वायरिंगही मीच करतोय. बॉक्स ठोकून झालेत, रोमेक्स (भिंतीतून जाणारी वायरिंगची केबल) ओढून झालीये, आता रफ इन्स्पेक्शन, म्हणजे भिंती झाकायच्या आधीची तपासणी, लावायचंय. पण ड्रायवॉलवाला (भिंतीला जिप्समचे बोर्ड मारणारा) मागे लागलाय की एका बाजूचे बोर्ड तरी आत्ताच मारून घेऊ, नंतर त्याला वेळ नाही. मारू देऊ का? आणि स्विच-आउटलेट आत्ताच बसवायचे का?

तारवाला:
अहो बोर्ड अजिबात मारू देऊ नका, इन्सुलेशनसुद्धा नको! झाकलेली भिंत इन्स्पेक्टर सरळ उघडायला लावतो, मग खर्च दुप्पट. स्विच-आउटलेट नंतर, फायनल इन्स्पेक्शनच्या आधी बसवा, पण बॉक्समधल्या अर्थच्या उघड्या तांब्याच्या वायरी मात्र आत्ताच एकमेकींना जोडून घ्या, बरेच इन्स्पेक्टर रफलाच ते बघतात. बॉक्समध्ये वायर निदान 6 इंच मोकळी ठेवा आणि केबलचं बाहेरचं आवरण पाव इंच तरी आत आलेलं दिसू दे. आणि पांढऱ्या आवरणाची 14 गेजची (जाडीची) केबल 15 अँपला, पिवळ्या आवरणाची 12 गेजची 20 अँपला. 20 अँपच्या ब्रेकरवर पांढऱ्या केबलचा एक तुकडा जरी निघाला तरी फेल.

मधुरा_एनजे:
स्टेपल (केबल लाकडाला धरून ठेवणाऱ्या पिना) पण बघा. सिंगल गँग (एकाच स्विच किंवा आउटलेटच्या) प्लास्टिक बॉक्सला केबल धरणारा क्लॅम्प नसतो, तिथे बॉक्सपासून 8 इंचाच्या आत पहिली स्टेपल, पुढे दर साडेचार फुटांवर. स्टडमधलं (भिंतीतल्या उभ्या लाकडातलं) केबलचं भोक कडेपासून सव्वा इंच आत नसेल तर तिथे स्टीलची प्लेट ठोका, कारण ड्रायवॉलचा सव्वा इंची स्क्रू अर्धा इंच बोर्ड सोडून पाऊण इंच लाकडात शिरतो, आणि कोणी जरा लांब स्क्रू वापरला की थेट केबलमध्ये. भिंतीच्या आत हे नंतर कोणाला दिसत पण नाही हो, म्हणून जीव तोडून सांगतेय.

तारवाला:
हो, आणि भिंतीवरच्या कुठल्याही जागेपासून 6 फुटांत आउटलेट हवं. 2020 च्या एनईसीपासून (अमेरिकेची वीज-नियमावली) फिनिश केलेल्या बेसमेंटमधल्या आउटलेटनाही जीएफसीआय (करंट गळला की वीज तोडणारं संरक्षण) लागतं, राहायच्या खोलीला एएफसीआय (वायरीत ठिणग्या उडाल्या की वीज तोडणारं) पण, त्यामुळे ड्युअल फंक्शन ब्रेकर घेतलात की दोन्ही भागतं.

एडिसनकर:
खूप आभार दोघांचे. ड्रायवॉलवाल्याला थांबायला सांगितलं. दोन भोकं कडेला आहेत, आज प्लेटा आणतो.

मधुरा_एनजे:
पास झालात की बोर्ड मारायच्या आधी प्रत्येक भिंतीला मेजर टेप लावून फोटो काढून ठेवा, पुढे टीव्ही टांगताना केबल कुठून गेलीये ते कळतं.