गुलाबी पडलेली प्रिंट मुकी नसते

रीळमाळ: सिनेमाच्या जुन्या फिल्म प्रिंटांवरच्या कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय, "प्रिंट गुलाबी पडली म्हणजे साउंडट्रॅकही गेला, स्कॅन कशाला करता?" धडधडीत चूक. ईस्टमनकलर या रंगीत फिल्ममध्ये अंधारात पडूनही सायन (निळसर-हिरवा रंग) सगळ्यात आधी उडतो, मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) टिकतो, म्हणून चित्र गुलाबी. ट्रॅक, म्हणजे चित्राशेजारची आवाजाची पट्टी, मात्र चांदीचा. फिल्म धुताना ब्लीच झाल्यावर, फिक्सर या शेवटच्या रसायनाच्या आधी, तेवढ्याच पट्टीवर दाट डेव्हलपर फिरवून चांदी परत आणत. कारण एक्सायटर दिव्याचा, म्हणजे प्रोजेक्टरमध्ये ट्रॅक वाचणाऱ्या दिव्याचा, प्रकाश बराचसा इन्फ्रारेड, आणि तो रंगातून आरपार जातो. चांदीच अडवते.

खटखट: चांदीपुराण पुरे. शेवटच्या काळातल्या प्रिंटांवर चांदी नाही, नुसता सायन रंगाचा ट्रॅक आहे. सायन उडाला की आवाजही उडाला. आता बोला!

रीळमाळ: विषय जुन्या फिल्मचा चाललाय. त्या सायनवाल्या प्रिंटा रंग कमी उडणाऱ्या स्टॉकवर (कच्च्या फिल्मवर) आहेत. आणि सायन ट्रॅक जुन्या दिव्यावर लावून "आवाज बारीक, खरखर फार" म्हणणारेच जास्त. लाल एलईडी बसवा. चांदीचा ट्रॅकही त्यावर व्यवस्थित वाजतो.

खटखट: बसवा म्हणे! दिवा बदलून एलईडी लावला की स्लिटचा (प्रकाश ट्रॅकवर पाडणाऱ्या फटीचा) फोकस, अ‍ॅझिमथ (तिचा तिरपेपणा) आणि दोन्ही चॅनेलची लेव्हल नव्याने लावावी लागते. बझ ट्रॅक, म्हणजे दोन कडांना दोन सूर असलेली चाचणीची फिल्म, चालवून बघायचा: जाड सूर आला तर स्लिट एका बाजूला सरकलेली, बारीक आला तर दुसऱ्या. दोन्ही गप्प, तेव्हा मधोमध. हे न करता लोक फिल्मला शिव्या घालतात.

दोनशेफुटी: दिव्यावरून भांडा खुशाल, तिकडे डब्यात व्हिनेगर झालंय, म्हणजे फिल्म कुजून आंबट वास सुटलाय. अ‍ॅसिटेट (फिल्मचं प्लास्टिक) आकसली की कडेची छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसत नाहीत, आवाज थरथरतो. चांदी शाबूत असून उपयोग काय? आवाजाची चुंबकीय पट्टी लावलेल्या प्रिंटा तर आणखी लवकर जातात, लोहाचा ऑक्साइड आम्लाची क्रिया वाढवतो. डबा घट्ट बंद ठेवून आम्लाची वाफ आत कोंडणारे शहाणे वेगळेच.

रीळमाळ: तो बेसचा, म्हणजे खालच्या प्लास्टिकचा दोष, रंगाचा नाही. गल्लत करू नका.

खटखट: बरं बुवा, चांदीचा आवाज टिकतो, मान्य. पण चित्राचं काय? सायन उडाला की स्कॅनमध्ये लाल चॅनेल (चित्राचा लाल प्रकाशाचा भाग) जवळपास सपाट आलेला असतो. ताणला की रंग येत नाही, नुसता ग्रेन (फिल्मचे दाणे) उसळतो. "रंग परत आणून देतो" म्हणणाऱ्यांना आधी तो एकच चॅनेल काळापांढरा दाखवायला सांगा.

रीळमाळ: हे मात्र खरं. मूळ नेगेटिव्ह मिळाली तर तिथून चित्र घ्या, आवाज या गुलाबी प्रिंटवरून.

दोनशेफुटी: आकसली नसेल तर!