कॉलेजची नोटीस कॉलेजच्या मेलवरच यायला हवी, व्हॉट्सॲपवर नको. तुमचं मत काय?

खडूडस्टर
मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, नाव सांगत नाही. आमच्याकडे ॲडमिशन झाली की प्रत्येक मुलाला कॉलेजचा मेल आयडी मिळतो, ब्राउझरमध्ये उघडायचा वेबमेल, पीआरएन नंबर, म्हणजे विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक, टाकायचा आणि पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायचा. त्यानंतर चार वर्षं बहुतेक जण तिकडे फिरकत नाहीत. सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. एक्झाम फॉर्मची शेवटची तारीख, टर्मवर्क सबमिशन, प्लेसमेंटची लिंक, एवढंच काय डिटेन्शन लिस्ट, म्हणजे परीक्षेला बसू न देणाऱ्यांची यादी, तीसुद्धा ग्रुपवर. मग हॉल तिकीट अडलं की मुलं म्हणतात मॅडम आम्हाला कळलंच नाही, आणि खरंच कळलेलं नसतं, कारण त्याच संध्याकाळी गॅदरिंगचे फोटो पडलेले असतात आणि नोटीस कुठच्या कुठे वर गेलेली असते.

दुसरं म्हणजे व्हॉट्सॲपवर टाकलेली गोष्ट टाकणारा दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो. आज एक तारीख, उद्या दुसरी, पहिली कुठे गेली ते विचारायची सोय नाही. मेल एकदा गेला की पाठवणाऱ्याला तो सहसा परत घेता येत नाही, तारीख वेळेसकट तुमच्याकडे राहतो. आयटी ॲक्ट २००० चं कलम १३ बघा, निरोप घेण्यासाठी जो पत्ता ठरलेला आहे त्या सिस्टीममध्ये मेल पोचला की तो मिळाला असं धरतात, वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मेल सक्तीचा करा आणि ग्रुपवरच्या नोटिसा बंद करा.

दुपारची_एसटी
मॅडम राग मानू नका पण मला हे अजिबात पटलं नाही. मी थर्ड इयरला आहे, रोज गावाहून अपडाऊन करतो, घरी लॅपटॉप नाही, जे आहे ते फोनवर. आमचा वेबमेल फोनवर उघडून बघा एकदा, अक्षर इतकं बारीक की बोटाने ताणून वाचावं लागतं, रिप्लाय लिहीत बसलो की मधेच सेशन एक्सपायर आणि परत लॉगिनचं पान, लिहिलेलं सगळं गेलं. पासवर्ड विसरला तर ऑनलाइन रीसेट नाही, कॉम्प्युटर सेंटरला जाऊन रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, आयकार्ड दाखवायचं, आणि ते सर रजेवर असतील तर उद्या या. सुट्टीत पासवर्ड विसरला तर काय करायचं? एक्झाम फॉर्म तर सुट्टीतच निघतात.

आणि कोटा, म्हणजे मेलला ठरवून दिलेली जागा. डिपार्टमेंट सगळ्यांना सेमिनारचं भलंमोठं पोस्टर पाठवतं, असे चार मेल आले की इनबॉक्स फुल, आणि पुढचा महत्त्वाचा मेल बाउन्स, म्हणजे न पोचता परत. तुम्ही कलम सांगितलं त्याचीच मला भीती वाटते. तो पत्ता मी ठरवलेला नाही, कॉलेजने माझ्या गळ्यात घातलाय. चावी तुमच्याकडे, जागा तुम्ही ठरवणार, आणि मेल पोचला म्हणून जबाबदारी मात्र माझी? व्हॉट्सॲप माझ्या आईलाही उघडता येतं, ती मला फोन करून सांगते की कॉलेजचं काहीतरी आलंय बघ.

शांत_शाई
मी मुलगी म्हणून लिहितेय. फर्स्ट इयरला ऑफिसने सगळ्यांचे नंबर घेऊन एकच ग्रुप केला, विचारलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून अनोळखी नंबरवरून हाय, जेवलीस का, डीपी छान आहे. एकाला ब्लॉक केलं की दुसरा. ग्रुप सोडावा तर नोटीस कळत नाही. म्हणजे परीक्षेची तारीख हवी असेल तर माझा नंबर अख्ख्या वर्गाला दाखवायचा ही अट कोणी घातली? मेलवर कोणी त्रास दिला तर निदान पीआरएन नंबरसकट पुरावा राहतो, आणि माझा नंबर माझ्याकडे राहतो. मला मॅडमचं शंभर टक्के पटतं.

शिवाय कॉलेजचा मेल असला की गिटहब या कोड ठेवायच्या साइटचा स्टुडंट पॅक, जेटब्रेन्सची कोडिंगची सॉफ्टवेअरं फुकट मिळायला सोपं जातं. आमच्या वर्गात निम्म्यांना हे माहीतच नाही.

आडनाव_नको
ताई त्रास झाला ते वाईटच, पण त्यावर उपाय आहे. व्हॉट्सॲप कम्युनिटी करा, अनाउन्समेंटमध्ये फक्त ॲडमिन लिहितो आणि बाकीच्या मेंबरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गॅदरिंगचे फोटो पण तिथे येणार नाहीत. फुकट आहे, उद्या सकाळी होईल. त्यासाठी सगळ्यांना त्या जुनाट वेबमेलवर ढकलायची काय गरज?

शांत_शाई
ॲडमिनला तर दिसतोच ना नंबर. आमच्याकडे ॲडमिन सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी असतो, वर्गातलाच मुलगा.

रूट_पासवर्ड
मी एका कॉलेजात सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या मलाच बसतात. एसटीवाल्या मित्रा, तुझी तक्रार खरी आहे पण ती मेलची नाही, मेल कसा चालवलाय त्याची आहे. कितीतरी ठिकाणी अजून स्क्विरलमेल नावाचं जुनं वेबमेल चालू आहे, त्याची शेवटची स्थिर आवृत्ती २०११ ची. राउंडक्यूब या दुसऱ्या वेबमेलला २०१९ साली १.४ आवृत्तीत इलास्टिक नावाची स्किन, म्हणजे नवं रूप, आलं, ते फोनवर व्यवस्थित दिसतं, पण अपडेट करायला माणूस लागतो आणि तो माणूस लॅबचे प्रिंटर दुरुस्त करण्यात अडकलेला असतो. अपडेट न करणं धोक्याचंही आहे. २०२५ च्या जूनमध्ये राउंडक्यूबमधली एक चूक बाहेर आली, लॉगिन असलेला कुणीही सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता, आणि ती चूक कोडमध्ये सुमारे दहा वर्षं पडून होती. १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्यांमध्ये ती दुरुस्त झाली. जिथे हजारो मुलांचे आयडी आहेत आणि पासवर्ड अजून पीआरएन नंबरच आहे तिथे हे किती घातक आहे विचार करा.

फोनवर ब्राउझर उघडायचीही गरज नाही. कॉलेजने आयमॅप, म्हणजे दुसऱ्या ॲपमधून मेल बघायची सोय, बाहेरून चालू ठेवलं असेल तर फोनमधल्या जीमेल ॲपमध्येच 'अदर' निवडून कॉलेजचा आयडी जोडता येतो, नोटिफिकेशन येतं, सेशन एक्सपायरची भानगड नाही. हे पहिल्या आठवड्यात लॅबमध्ये बसवून प्रत्येकाच्या फोनवर करून द्यायला हवं. कोणी करून देत नाही आणि मग म्हणतात मुलं मेल बघत नाहीत.

हाम्बुर्गवरून
सक्ती करायची तर कॉलेजने आधी हे सांगावं की पास झाल्यावर तो आयडी किती दिवस राहणार. माझा कोर्स संपल्यावर काही न कळवता बंद केला. फायनल इयरच्या प्रोजेक्टवर आमचा पेपर छापून आलाय, त्यावर संपर्कासाठी माझा कॉलेजचा मेल आहे. त्या पत्त्यावर कोणी काही विचारलं तर मला ते पोचणारच नाही. गिटहब त्याच मेलवर उघडलेलं, फोन बदलला तेव्हा लॉगिनचा कोड त्या बंद आयडीवर गेला, माझं चार वर्षांचं काम अडकलं. आमच्या सरांनीच सांगितलं होतं की प्रोफेशनल दिसतं, सगळीकडे हाच मेल द्या. जी गोष्ट चार वर्षांनी काढून घेणार तिच्यावर मुलांना सगळं उभं करायला सांगू नका. मी कॉलेजच्या मेलच्या विरोधातच आहे, मुलाचा स्वतःचा जीमेल घ्या आणि त्यावर नोटीस पाठवा, सोपं आहे.

रूट_पासवर्ड
आयडी बंद का होतात ते सांगतो. आमच्यासारख्या बऱ्याच कॉलेजांनी स्वतःचा सर्व्हर सोडून गुगलची मेल सेवा घेतली कारण जागा अमर्याद होती. मग २०२१ ला गुगलने जाहीर केलं की अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी, आणि आधीच्या ग्राहकांना ते २०२२ पासून लागू झालं. दहा हजार आयडी धरले तर माणशी साधारण १० जीबी, त्यात ड्राइव्हवरचे व्हिडिओ पण आले. तेव्हा सगळ्यात आधी जुन्या विद्यार्थ्यांवर कात्री चालते. न कळवता चालवली हे मात्र चूकच.

स्वतःच्या जीमेलवर पाठवायचं म्हणताय तर तेही वाटतं तितकं सोपं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलने नियम कडक केले, पाठवणाऱ्या डोमेनचं एसपीएफ, डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच तिथूनच आलाय हे पटवणारी सेटिंग, नीट नसेल तर मेल स्पॅममध्ये जातो नाहीतर परत येतो. आमच्याच एक्झाम सेक्शनचे मेल स्पॅममध्ये सापडलेत.

लेकीची_आई_लातूर
आम्हा पालकांना दोन्हीकडून काहीच कळत नाही. फी भरायची तारीख तेवढी एसएमएसने पाठवत जा.

खडूडस्टर
सगळं वाचलं. हाम्बुर्गवाल्यांचा मुद्दा मी स्टाफ मीटिंगमध्ये मांडणार आहे, आयडी बंद करायच्या आधी किमान सहा महिने कळवायला हवं आणि येणारा मेल पुढे पाठवायची सोय ठेवायला हवी. पण मूळ मुद्द्यावरून मी हलणार नाही. कम्युनिटी करा, काहीही करा, ते ॲप कोणाच्या तरी खाजगी फोनवर चालतं. आमचे एक सर कॉलेज सोडून गेले, ग्रुपचे ॲडमिन तेच एकटे, नवीन मुलांना आत घ्यायचं म्हणजे त्यांना फोन करून विनवण्या. संस्थेचा कागद संस्थेच्या कपाटात असतो तसा तिचा निरोप तिच्या मेलवर असायला हवा. ग्रुपवर हवं तर एवढंच टाका की मेल आलाय, बघा.

दुपारची_एसटी
मग सक्ती आधी स्वतःवर करा मॅडम. रीसेट ओटीपीवर द्या, पोस्टर मेलवर पाठवणं बंद करा, आणि विद्यार्थ्याने मेल केला तर ऑफिसने किती दिवसांत उत्तर द्यायचं ते लेखी द्या. मी बोनाफाइडसाठी कॉलेजच्या मेलवरून ऑफिसला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. शेवटी खिडकीत जाऊन उभा राहिलो तर म्हणाले मेल कोण बघतं इथे, अर्ज आणा. तुमच्याकडून आलेला मेल न वाचता मिळाला असं धरायचं, मग माझा तुमच्याकडे गेलेला का नाही धरत? हे होईपर्यंत मी ग्रुपच्याच बाजूने, निदान तिथे सीआर उत्तर देतो.

खडूडस्टर
बोनाफाइडचं जे झालं ते चुकीचंच झालं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ऑफिससाठी मुदत हवी हे मान्य.

रूट_पासवर्ड
फायनल इयरवाल्यांसाठी, वाद चालू द्या पण हे आत्ताच करा. कॉलेजचा मेल गुगलवर असेल तर गुगल टेकआउट या आपला डेटा बाहेर काढायच्या सोयीत ट्रान्सफरचं पान आहे, तिथून मेल आणि ड्राइव्ह दोन्ही स्वतःच्या जीमेलवर कॉपी होतं, कधी कधी आठवडा लागतो म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका. गिटहब, लिंक्डइन, जिथे जिथे कॉलेजचा मेल दिलाय तिथे दुसरा मेल जोडून तो प्रायमरी करा. राउंडक्यूब असेल तर थंडरबर्ड या कॉम्प्युटरवरच्या मेल ॲपमध्ये आयमॅपने जोडून सगळे मेल लोकल फोल्डरमध्ये कॉपी करा, नुसते इनबॉक्समध्ये दिसतायत म्हणून थांबू नका.

शांत_शाई
दादा आमच्याकडे ते ट्रान्सफरचं पान उघडलं तर ॲडमिनने बंद केलंय असं येतंय. कोणाला विचारायचं?

रूट_पासवर्ड
तुमच्या सिस्टीम ॲडमिनला. नुसतं तोंडी सांगू नकोस, एचओडींची, म्हणजे विभागप्रमुखांची, सही घेऊन लेखी दे. सेटिंग पूर्ण कॉलेजसाठी चालू करावं लागत नाही, फायनल इयरचा वेगळा गट करून तेवढ्यांनाच देता येतं, हे अर्जात लिही म्हणजे ते नाही म्हणणार नाहीत.